कुर्ल्यात मोटार बनत होती

कुर्ला पश्चिमेला, किरोळच्या बाजूला, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकावरच्या पाटीत रस्त्याचं नाव आहे : प्रीमियर ऑटोमोबाईल्स रोड. कॉलेज डॉन बॉस्कोचं. फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुलांचा जन्मच मुळी प्रीमियरची पद्मिनी मोटार बनायची थांबल्यानंतरचा. त्यांच्या समोर, रस्त्यापलीकडे, आकाशात घुसलेल्या इमारतींची दाटी आहे. यातल्या कितीतरी इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, तिथे पन्नासहून अधिक वर्षं मोटारी तयार होत होत्या. नुसते सुटे भाग जोडलेल्या नव्हेत. ज्यांचं इंजिनसुद्धा इथेच कातलं, घासलं, तपासलं जायचं अशा मोटारी. शेअर रिक्षावाल्याला ‘प्रीमियर’ म्हटलं की तो आजही बरोबर इथे आणून सोडतो.

या अंकासाठी संपादकांनी ‘पुसलेल्या जागा’ असा विषय दिला, तेव्हा गिरणगावावर लिहिणारे पुष्कळ जण असतील हे उघड होतं. मला कुर्ल्याला जायचं होतं. लालबाग-परळच्या गिरण्या पडल्या तेव्हा त्यांच्यावर कविता झाल्या, नाटकं झाली, सिनेमे झाले. कुर्ला, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, ठाणे या पट्ट्यातले इंजिनिअरिंगचे कारखाने पडले, तेव्हा मात्र मराठीत फारसं कुणी काही लिहिलं नाही. त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या कारखान्याचं काय उरलंय, कुणाकडे उरलंय, हे बघायला मी गेलो.

मोटारीआधी विमान

प्रीमियरचं मूळ सोलापूरच्या एका माणसाच्या हट्टात आहे. वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घेत सुरुवात केली, बोरघाटातले बोगदे खणले, सिंदिया कंपनीची जहाजं समुद्रात सोडली, इंदापूर तालुक्यातल्या माळरानावर वालचंदनगर वसवलं. मोटार कारखान्याची कल्पना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची. १९३० च्या दशकात त्यांनी मुंबईत असा कारखाना काढायचा आराखडा तयार केला होता आणि वालचंदांनी तो उचलून धरला. फोर्डने नकार दिला. क्रायस्लर तयार झाली. इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटार बनावी यात काडीचा रस नव्हता, आणि युद्ध सुरू झाल्यावर तर परवानग्यांचं दारच लागलं.

या खटपटीसाठी वालचंद १९३९ साली अमेरिकेला गेले होते. परतीच्या विमानात त्यांना विल्यम पॉली हा विमानांच्या धंद्यातला अमेरिकन भेटला आणि त्या गप्पांतून १९४० च्या अखेरीस बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीसाठी निघालेल्या माणसाच्या हातून मोटारीआधी विमानाचा कारखाना झाला. प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना त्यानंतर, १९४४ साली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या फाटकातून डॉज, डी सोटो, प्लायमाउथ या क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले.

सुरुवातीला ही जोडणीच होती. परदेशातून खोकी यायची, इथे नटबोल्ट आवळले जायचे. जनरल मोटर्स शिवडीला १९२८ पासून हेच करत होती. ज्यांच्याकडे इथे उत्पादन करायची योजना नाही त्यांनी गाशा गुंडाळावा, असा निकाल १९५३ च्या टॅरिफ कमिशनने दिला. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या, प्रीमियर राहिली. माझ्या मते कुर्ल्याच्या कारखान्याचा खरा जन्म इथला. राहायचं म्हणजे गाडी इथे घडवायची, आणि गाडी घडवायची म्हणजे ती घडवणारे हात तयार करायचे. त्याच वर्षी वालचंद गेले. ज्या फियाट ११०० ने पुढे मुंबईचे रस्ते भरले, ती फियाट कंपनीशी केलेल्या करारातून आली १९५४ मध्ये.

खातं कुठलं?

प्रीमियरमधून निवृत्त झालेल्या माणसाशी बोलायला बसलं की तो आपलं नाव सांगायच्या आधी खातं सांगतो. प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट, मशीन शॉप, इंजिन असेंब्ली, टेस्टिंग, टूल रूम. प्रत्येक खात्याची स्वतंत्र ओळख होती आणि स्वतंत्र दुखणीही. प्रेस शॉपवाल्यांना कानांचा त्रास, पेंटवाल्यांना खोकला. मशीन शॉपवाल्यांच्या अंगाला कूलंटचा वास येई. कपडे कितीही घासले तरी तो जात नसे, हे घरच्या बायका आजही सांगतात. टूल रूमवाले सगळ्यांत मानाचे. बाकीच्या खात्यांतली माणसं त्यांच्याविषयी बोलताना आवाज जरा खाली आणतात.

मी ज्यांच्याकडे सर्वांत जास्त वेळ बसलो ते गृहस्थ मशीन शॉपचे. साताऱ्याकडचे. चुलत्याने चिकटवलं म्हणून लागले, आधी बदली, मग कायम. इंजिनाचा ब्लॉक कसा तयार होतो हे त्यांनी मला टेबलावर हाताने दाखवलं. ओतीव लोखंडाचा ठोकळा येतो, खडबडीत, वाळूचे कण चिकटलेला. त्याची तोंडं आधी मिलिंगवर सपाट करायची, कारण पुढचं प्रत्येक माप त्या सपाटीवरून धरायचं असतं. तिथेच चूक झाली तर ती शेवटपर्यंत सोबत येते. मग चार सिलिंडरांचं बोअरिंग. मग होनिंग, म्हणजे बोअरच्या आतल्या भिंतीवर दगड फिरवून बारीक तिरप्या रेघा उठवायच्या. बोअर आरशासारखा गुळगुळीत केला तर तेल त्यावर टिकत नाही आणि पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात. रेघा जास्त खोल गेल्या तर गाडी तेल पिते. शेवटी गेज घालायचा. एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये.

हे सांगत असताना त्यांच्या घरच्यांनी चहा आणला, स्टीलच्या पेल्यांत. बोलता बोलता त्यांचा अंगठा पेल्याच्या काठावरून सावकाश एक फेरी मारून आला. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, बर राहिलीय का बघायची सवय. कापलेल्या धातूच्या कडेला जी बारीक धार उरते ती बर. ती राहिली की पुढच्या माणसाचा हात कापतो आणि भाग नीट बसत नाही. निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी अंगठा काम सोडत नाही.

पाळी सुटण्याच्या वेळेबद्दल मात्र खात्याखात्यांत एकमत आहे. आग्रा रोडवर, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा लोंढा निघायचा. कमानी, मुकुंद, प्रीमियर असे कारखाने आसपासच होते. पाळ्यांच्या वेळेवर रस्त्यावरचं हॉटेल, पानाची गादी, भाजीवाली अशा सगळ्यांचा दिवस बेतलेला असे. सावकारही फाटकापाशी पगाराच्या दिवशीच दिसे.

मुलांच्या आठवणीतला कारखाना वेगळा आहे, कारण त्यांनी तो वर्षातून एकदाच आतून पाहिला. खंडेनवमी-दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. आज पन्नाशीत असलेली एक बाई मला सांगत होती की वडिलांच्या यंत्राला झेंडूची माळ घातलेली पाहून तिला आधी भीती वाटली होती, इतकं ते मोठं आणि गप्प होतं. रोज ज्याच्यामुळे वडिलांना उशीर व्हायचा ते हेच, हे तिला त्या दिवशी कळलं. दिवाळीच्या आधी बोनस व्हायचा. तो किती झाला हे कुर्ल्याच्या बाजारातल्या कापडवाल्यांना कामगारांच्या बायकांच्या आधी ठाऊक असे, असं ती म्हणाली.

नंबर लावलेली गाडी

सुरुवातीच्या फियाट ११०० ला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, तिच्या गोलमटोल अंगामुळे. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. १९६४ पासून ११००-डी आली, चौकोनी, नेटकी. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने निघू लागली. इंजिन तेच : १०८९ सीसी, चार सिलिंडर. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, त्यामुळे पुढे सलग बाक. ड्रायव्हरशेजारी दोघं सहज मावत.

गाडी हवी असेल तर पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. परवाना राज्यात किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी. किंमतही सरकारच्या नियंत्रणात होती, आणि मोटारीची वाजवी किंमत काय, हा वाद १९७२ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. या कारखान्याने आपल्या कायद्याला दुसरी एक ठेवही दिली. प्रीमियरच्या कामगारांनी प्रोत्साहन भत्त्याच्या वादात दिवाणी कोर्टाचं दार ठोठावलं होतं. औद्योगिक कायद्यातून मिळालेल्या हक्काचा तंटा दिवाणी कोर्टात चालेल की औद्योगिक न्यायाधिकरणाकडेच जावा लागेल, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. १९७५ चा तो निकाल कामगार कायदा शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही वाचावा लागतो. कुर्ल्याच्या एका खात्यातलं भांडण देशाच्या पाठ्यपुस्तकात गेलं.

पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी घेतलेली गाडीही फियाटच. बारा हजारांच्या आसपास किंमत, हातात सात हजार, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढलं. शास्त्री गेल्यावर ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ही गाडी आज दिल्लीतल्या शास्त्री स्मारकात आहे. जी मोटार कुर्ल्यात घडली, तिच्या मालकाचं नाव पुढे त्याच कारखान्याशेजारून जाणाऱ्या रस्त्याला मिळालं. मशीन शॉपच्या त्या गृहस्थांना ही गोष्ट पाठ आहे. शास्त्रींच्या गाडीचा ब्लॉक आपल्या खात्यातला, एवढंच त्यांना त्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते मला पटतं.

टॅपेटचा आवाज

पद्मिनी खऱ्या अर्थाने मुंबईची झाली ती टॅक्सी म्हणून. कोलकात्याने अँबेसेडर निवडली, मुंबईने फियाट. अंगाने लहान, अरुंद गल्लीत वळणारी, आणि बिघडली तर कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारी. पुढे सीएनजी आला तेव्हा टाकी डिकीत बसली आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं.

या दुरुस्तीचा धंदा कारखान्याच्या सावलीत वाढला. सीएसटी रोडवर आजही जुन्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून आहेत. दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स, दिव्यांच्या काचा थराथराने रचलेल्या. तिथून आत शिरल्यावर एका गॅरेजात पद्मिनीचं इंजिन उघडं सापडलं. एका हौशी माणसाने जपलेली गाडी. मिस्त्री साठीचे, प्रीमियरच्या फाटकात कधी शिरलेले नाहीत, पण ज्यांच्या हाताखाली शिकले ते तिथले.

ते टॅपेट सेट करत होते. व्हॉल्व्ह आणि रॉकरच्या मध्ये कागदाएवढी फट राखावी लागते, कारण तापल्यावर धातू फुगतो. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. जास्त झाली तर टकटक आवाज येतो आणि ओढ कमी होते. इंजिनाचा क्रम एक-तीन-चार-दोन. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलण्याच्या सांध्यावर आले की पहिल्याचे पूर्ण मिटलेले असतात, तेव्हा पहिल्याचे सेट करायचे. मिस्त्री पाना लावून क्रँक थोडा थोडा फिरवत होते, फिलर गेजची पट्टी घालत होते, नट सैल करून स्क्रू एवढासा वळवत होते, पुन्हा पट्टी ओढून बघत होते. पट्टी जराशी धरली गेली पाहिजे, अडकता कामा नये. ते ‘जराशी’ आकड्यात सांगता येत नाही. आठही झाल्यावर त्यांनी डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण बसवलं, चोक ओढला, गाडी सुरू केली आणि हात पुसत बाजूला उभे राहून ऐकत राहिले. मग एक पुन्हा उघडलं. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

कारखाना जमीनदोस्त झाला तेव्हा यंत्रं भंगारात गेली, छपरं उतरली. हे कान मात्र कुठल्याही यादीत नव्हते. अशा माणसांनी कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत गॅरेजं काढली, वर्कशॉपं टाकली, पोरांना हाताखाली घेतलं. प्रीमियरने बनवलेल्या वस्तूंत मोटारीइतकंच मोल मी या माणसांना देईन.

हप्त्याहप्त्याने

कारखान्याचा शेवट कुठल्या दिवशी झाला, हे विचारलं की प्रत्येक जण वेगळी खूण सांगतो. कुणी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती सांगतो. कुणी संपांची वर्षं सांगतो, आणि मग कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांचं नाव निघतं. त्यांच्यामुळे पगार कुठल्या कुठे गेला असं सांगणारे आणि त्याच पायी कंपनीचं मन इथून उठलं असं सांगणारे एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहतात. मला पहिल्यांचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं. सत्तरच्या दशकापासूनच सरकारचं धोरण मुंबईत कारखान्यांची वाढ रोखणारं होतं; नवे उद्योग ठाणे-बेलापूर, पिंपरी-चिंचवडकडे वळवले जात होते. कुर्ल्याचं शेड जुनं होत गेलं आणि त्याच्याखालची जमीन महाग होत गेली. कामगार गप्प राहिला असता तरी हे गणित बदललं नसतं.

प्रीमियरने कल्याण-डोंबिवलीकडे दुसरा कारखाना काढला, निस्सानचं इंजिन घालून ११८ एनई आणली, प्यूजोशी हात मिळवला. प्यूजोचा संसार काही वर्षांतच मोडला. कुर्ल्यात नव्वदच्या दशकात फियाट स्वतः परतली आणि उनो, सिएना, पालिओ याच आवारातून निघाल्या. पद्मिनी २००० च्या सुमारास थांबली. मग फियाटनेही टाटांच्या सोबतीने रांजणगावची वाट धरली. मधल्या काळात व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, अर्ज फिरत होते. ‘हिशोब घेतला’ हे दोन शब्द ज्या पद्धतीने इथली माणसं उच्चारतात, त्यावरून तो पैसा पुरला की नाही ते कळतं. बऱ्याच जणांचा मुलीच्या लग्नात आणि गावच्या घरात गेला.

प्रीमियर चालवणाऱ्या दोशी कुटुंबाचं नाव मराठी रसिकांना आज वेगळ्या कारणाने परिचित आहे. पुण्यात विनोद दोशींच्या स्मृतीत भरणाऱ्या नाट्यमहोत्सवाला जाणाऱ्या तरुणांपैकी कितींना हे कुर्ल्याच्या मोटारीचे विनोद दोशी हे ठाऊक असेल? त्यांनी नाटकवाल्यांवर मनापासून प्रेम केलं. तरीही या कारखान्यावर नाटक झालेलं माझ्या पाहण्यात नाही.

जमिनीचं पुढे काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. एका भागात कोहिनूर सिटी झाली : घरं, कचेऱ्या, शाळा, हॉस्पिटल. दुसऱ्या भागात विमानतळाच्या परिसरातल्या झोपडीधारकांसाठी उंच इमारती बांधल्या गेल्या आणि त्यातल्या पुष्कळ वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या.

गिरणीला जे मिळालं

गिरण्यांच्या जमिनीसाठी मुंबईत निदान एक नियम होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिचा एकेक तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागांना आणि म्हाडाच्या घरांना दिला. २००१ मध्ये त्याला कात्री लागली, तरी गिरणी कामगार झगडत राहिले आणि म्हाडाला त्यांच्यासाठी घरांच्या सोडती काढाव्या लागल्या. इंजिनिअरिंग कारखान्यांच्या जमिनीला असा नियम नव्हता. प्रीमियरच्या कामगाराचा त्या जमिनीवर कागदोपत्री कणभरही हक्क निघाला नाही. ज्याने तिथे तीस वर्षं ब्लॉक कातले, तो आता डोंबिवलीच्या पुढे कुठेतरी राहतो आणि नातवाच्या ॲडमिशनसाठी कुर्ल्याला आला तर त्याच फाटकापाशी वॉचमनला कुठे जायचं ते सांगून आत जातो. हा अन्याय आहे, आणि गिरण्यांसारखा तो मोठ्याने बोलला गेला नाही म्हणून जास्तच लागतो.

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद झाली होती. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची. त्या हिशेबाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर भरभरून लिहिलं, लोकांनी फोटो काढले. गाडी घडवणाऱ्यांकडे त्या आठवड्यातही फार कमी जण गेले.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांचा इतिहास पुस्तकात बांधला, तेव्हा ती माणसं हयात होती. कुर्ल्यासाठी तेवढाच वेळ आता आहे. मशीन शॉपमध्ये साठच्या दशकात लागलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे गेलाय.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात, शेजारात, गावच्या वाडीत प्रीमियरमधून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर या दिवाळीत फराळाला जाल तेव्हा मोबाईलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. हजेरीचं कार्ड, बिल्ला, पगाराची चिठ्ठी, दसऱ्याचा फोटो असं काही असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. मागे खातं आणि साल लिहा, एक प्रत जवळच्या वाचनालयात ठेवायला द्या. कुर्ल्यातल्या कॉलेजांनी हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेतलं तर फारच उत्तम, डॉन बॉस्कोच्या तर ते दारातलंच आहे. प्रश्न काय विचारायचे याची काळजी नको. ‘कुठल्या खात्यात होतात?’ एवढं विचारा आणि ऐकायला वेळ काढून बसा.